बंद गाडी पेटते कशी?

रेडिओवर मला आजवर कविता वाचायलाच बोलावणे आले. या खेपेला फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "कविता पुष्कळ झाल्या, या वेळी एखादा अनुभव सांगा." मी म्हणालो, "माझी गाडी जळाली होती, त्याची गोष्ट चालेल?" पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "कुणी जाळली?"

त्या रात्रीपासून मी हाच प्रश्न ऐकत आलो आहे. माझे नाव ऐकले की तो जरा लवकर येतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, कुणी जाळली नाही. ती जळाली. 'जाळली' म्हटले की जाळणारा शोधावा लागतो, 'जळाली' म्हटले की काम भागते. मराठी व्याकरणातली ही मोठी सोय आहे. पण त्या सोयीचा मी दोन दिवस गैरफायदा घेतला, आणि आज सांगायचे आहे ते त्याबद्दल.

गोष्ट मे २०२३ मधली. सोलापूरचा मे सोलापूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दिवसभर भिंती ऊन घेतात आणि रात्रभर ते परत करतात, प्रामाणिक ऋणकोसारखे, व्याजासकट. त्यामुळे त्या दिवसांत आमची गल्ली गच्चीवर झोपते. गल्ली जुनी, गिरणी कामगारांची. नळावरची भांडणे इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत होतात आणि चारही सगळ्यांना समजतात. माझी गाडी दारातच, भिंतीला लागून उभी असते. छोटी, पांढरी, २०१४ सालची. सहकारी बँकेतल्या कारकुनाच्या पगारात नवी गाडी बसत नाही, म्हणून २०१९ मध्ये सेकंडहँड घेतलेली.

रात्री सव्वादोनच्या सुमारास समोरच्या गच्चीवरून अण्णांची हाक आली. "कविराज, उठा ओ! गाडीतनं धूर यायलाय बघा!" अण्णा म्हणजे गिरणी बंद पडेपर्यंत तिथे फिटर असलेले, आता सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. झोप कमी. वायर जळाल्याचा वास गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला आडवा असतानाही कळतो, असे ते नंतर म्हणाले. मी चावी घेऊन धावलो. काचांच्या आत नुसता करडा धूर, आणि स्टिअरिंगच्या पलीकडे, डॅशबोर्डच्या खाली, मधूनमधून निळसर ठिणगी. मी दाराला हात घालणार तेवढ्यात वरून दुसरी आरोळी आली, "दार उघडू नका!"

ते का, हे मला तेव्हा कळले नाही. बंद काचांच्या आत आगीला हवा कमी पडत होती, म्हणून ती धुमसत होती. दार सताड उघडले असते तर हवा मिळून तिने पेट घेतला असता. अण्णा जिना उतरून आले ते हातात दहा नंबरचा पाना घेऊनच. त्यांनी ओला टॉवेल हाताला गुंडाळला, दार वीतभर उघडून बॉनेटची खटकी ओढली आणि लगेच दार लावून टाकले. बॉनेट आधी बोटभरच उचलले, आत ज्वाळ नाही हे पाहिले, मग वर केले. बॅटरीची काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, पान्याने सोडवली. आधी काळीच का, तर लाल वायर सोडवताना पाना चुकून बॉडीच्या पत्र्याला टेकला तर तिथेच दुसरी ठिणगी. काळी वायर निघाली आणि आतल्या निळ्या ठिणग्या थांबल्या. मग दारे उघडली आणि टाकीतल्या पाण्याच्या बादल्या हातोहात आल्या. माझी मुलगी तेवढ्यातही मोबाइलवर फोटो काढत होती. त्या वेळी मी तिच्यावर ओरडलो. पुढे विम्याला तेच फोटो उपयोगी पडले.

अग्निशमनची गाडी गल्लीत शिरेना, म्हणून जवान चालत आले. आग विझलेली होती. तरी त्यांनी सीटखाली, गालिच्याखाली हात घालून पत्रा चाचपला, आणखी पाणी ओतले आणि अर्धा तास थांबले. सीटमधला फोम वरून विझलेला दिसतो आणि आतून तासाभराने पुन्हा पेटतो, असे त्यांचे म्हणणे. जाताना बजावून गेले, "गाडी चालू करून बघू नका. बॅटरीही जोडू नका."

मग गल्ली माझ्याभोवती जमली आणि कुणीतरी पहिल्यांदा म्हणाले, "पण गाडी तर बंद होती. बंद गाडी पेटते कशी?"

प्रश्न वाजवी होता. चालती गाडी तापून पेटली तर कुणाला नवल वाटत नाही. रात्री दहापासून चावी काढून उभी असलेली गाडी सव्वादोनला पेटते म्हटल्यावर मनात एकच उत्तर येते. कुणीतरी काढलेला फोटो पहाटेच्या अजानच्या आत तीन व्हॉट्सॲप गटांवर फिरून माझ्याकडेच परत आला, खाली मजकूर असा की वाचून मलाच माझी काळजी वाटली. सकाळी सातला चार तरुण मोटारसायकलींवरून आले. ओळखीचेच, आमच्यातलेच. "चाचा, आप सिर्फ नाम बोलो." गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चहाच्या गाड्यावर वेगळेच चालले होते. जुनी गाडी आहे, विम्यासाठी स्वतःच लावली असेल. एका रात्रीत मी एकाच वेळी पीडित आणि आरोपी झालो होतो.

पंचनाम्याला हवालदार आले. वयस्कर, थकलेला माणूस. "कुणावर संशय?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी पेन थांबवले. "विचार करून सांगा. एकदा लिहिलं की लिहिलं." मी म्हणालो, "कुणावरही संशय नाही." त्यांनी तसेच लिहिले आणि माझी सही घेतली. आयुष्यात इतक्या सह्या केल्या, पुस्तकांवरसुद्धा, पण ही करताना हात जड झाला. कारण तोपर्यंत आग कशी लागली हे मलाही ठाऊक नव्हते.

उत्तर अण्णांकडे होते. पोरांना त्यांनी कट्ट्यावर बसवले. "नाव पाहिजे न्हवं? सांगतो, बसा की." नातवाच्या मोटारसायकलची बॅटरी काढून आणली. आधी तिच्या दोन्ही टोकांवर बोटे ठेवली. काही झाले नाही. "बारा व्होल्ट. शॉक लागत नाही, म्हणून माणूस हिला भीत नाही." मग वायरमधला तांब्याचा केसाएवढा एक धागा चिमट्यात धरून दोन्ही टोकांना लावला. धागा क्षणात लाल झाला आणि तुटून पडला, खालचा प्लॅस्टिकचा तुकडा धुरावला. पोरे मागे सरकली. कोरड्या कातडीतून बारा व्होल्टला वाट मिळत नाही, पण तांब्यातून आणि पत्र्यातून मिळते. वाट सरळ सापडली की मोटारची बॅटरी काही क्षण शेकडो अँपिअर ओतू शकते. गिझरलासुद्धा पंधराच्या आत पुरतात.

मग त्यांनी टॉर्चने गाडी दाखवली. हात लावू दिला नाही, विम्याचा माणूस येईपर्यंत जसे आहे तसे राहू द्या म्हणाले. बाहेरचा रंग शाबूत, चारही टायर शाबूत. काचा आतून काळ्या, बाहेरून स्वच्छ. बाहेरून कुणी पेटवली असती तर आधी टायर, बंपर, रबर गेले असते. आत, इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्याला एक पाडलेले भोक, त्यातून गेलेली एक लाल वायर. तिच्या टोकाला तांब्याचा मोहरीएवढा गोल मणी. तांबे वितळायला हजार अंशांहून जास्त उष्णता लागते. नुसत्या धुमसत्या सीटने ते सहसा होत नाही, ठिणगीने होते. म्हणजे आग लागली तेव्हा त्या वायरीत वीज होती.

चावी काढल्यावरही? हो. कंपनीच्या बहुतेक वायरी चावीवरून जातात. पण मागाहून बसवलेले दिवे, टेप, हॉर्न यांची वायर सोपे पडते म्हणून थेट बॅटरीवरून घेतात. ती गाडी उभी असतानाही जिवंत असते, रात्रभर, महिनाभर. ही वायर पत्र्याच्या धारेवर घासत होती. भोकाला दोन-चार रुपयांचे रबरी ग्रोमेट असते तर घासली नसती. आमच्या रस्त्यांनी दोन वर्षांत तिचे कातडे सोलले आणि त्या रात्री तांबे पत्र्याला टेकले.

"आता एवढंच बघा," अण्णा म्हणाले, "ही वायर बॅटरीपासनं इथपर्यंत आली, मधी फ्यूज कुठाय?" टॉर्च त्यांनी वायरीवरून सावकाश फिरवली. फ्यूज नव्हता. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा. विजेचा लोंढा आला की ती आधी तुटते आणि बाकीचे वाचते. तो बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात असावा लागतो, कारण त्याच्या अलीकडच्या तारेचे तो काहीच करू शकत नाही.

पोरांची समजूत पटली. पण त्यातला एक हुशार निघाला. "तो फिर ये वायर किसने डाली?"

नाव पुन्हा आलेच. गल्लीला ते ठाऊक होते. नाक्यावर ऑटो इलेक्ट्रिकचे छोटे दुकान असलेला मुलगा, तेविसेक वर्षांचा, माझ्या शाळासोबत्याचा. तो आमच्यातला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. तो नव्हता. मी म्हणालो, "जुनं काम आहे. असेल कुणीतरी केलेलं." पाहा, इथे पुन्हा कर्ता गाळला. ऐकणाऱ्याला वाटले की मी त्या मुलाला पाठीशी घालतो आहे. खरे तर मी स्वतःला घालत होतो.

दुपारपर्यंत नाक्यावरचे शटर खाली आले. दुसऱ्या दिवशीही उघडले नाही. संध्याकाळी कानावर आले की त्याने मुद्दाम कच्चे काम केले होते म्हणे.

त्याच रात्री विम्याचा अर्ज भरायला बसलो. विमा विकणारे आमचे सल्लागार शेजारी होते. चांगला माणूस. अर्जात रकाना होता, 'आगीचे कारण'. ते म्हणाले, "उंदीर लिहा. उंदरांनी वायर कुरतडली. सगळे तेच लिहितात." उंदीर खरोखर वायरी कुरतडतात, हे खोटे नाही. पण या खेपेला बिचारे निर्दोष होते. मी म्हणालो, "सकाळी भरतो." आणि रात्रभर जागा राहिलो.

कारण मला २०२१ मधली एक सकाळ आठवत होती. हा मुलगा पुण्याला एका गॅरेजात होता. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ते काम गेले, गावी आला, वर्षभराने नाक्यावर दुकान टाकले. मी त्याच्या बोहनीचा गिऱ्हाईक. कविसंमेलनांहून रात्री-अपरात्री अक्कलकोट, तुळजापूरच्या रस्त्याने परत यायचो, म्हणून जादा फॉगलॅम्प बसवायचे होते. त्याने बावीसशे रुपये सांगितले आणि पुढे म्हणाला, "काका, रिले आणि फ्यूज लावला तर साडेतीनशे जास्त होतील. लावलेला बरा." मी म्हणालो, "दोन दिवे तर आहेत. राहू दे ते." तो घुटमळला. पुन्हा म्हणाला, "लावलेला बरा, काका." तेव्हा मी हसत हसत म्हणालो, "तुझ्या बापाला सांगू का, दोस्ताला लुटतोय म्हणून?" पोरगे लाजले आणि फ्यूज न लावता वायर जोडून मोकळे झाले.

बी.ए. झालेला माणूस आहे मी, पण हिशेब साधा होता आणि तो मी केला नाही. पंचावन्न वॅटचे दोन दिवे, बारा व्होल्ट, म्हणजे नऊएक अँपिअर. पंधरा अँपिअरचा फ्यूज पुरला असता. वायर पत्र्याला टेकली असती तेव्हा तो पट्कन उडाला असता, आणि फार तर एका संमेलनाहून मी अंधारात घरी आलो असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. माझा सोबती ओट्यावर पेपर वाचत बसला होता. त्याने पेपर खाली घेतला नाही. मी उभ्यानेच सगळे सांगितले, साडेतीनशेसकट. मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. या दोन दिवसांत गल्लीत, नाक्यावर, घरात, कुणालाही त्याने सांगितले नव्हते की फ्यूज मीच नको म्हणालो होतो. बापालाही नाही. मी विचारले, "का रे?" तो म्हणाला, "काका, तुम्ही गिऱ्हाईक. तुम्हाला कळत नाही, मला कळतं. नाही लावायचा तर काम करत नाही, असं मी म्हणायला पाहिजे होतं."

सोबत्याने आता पेपर खाली ठेवला. "तू शाळेतसुद्धा सहलीचे पैसे वाचवून भेळ खायचास," तो मला म्हणाला आणि आत बघून ओरडला, "चहा टाका गं."

त्या संध्याकाळी मुलाला घेऊन कट्ट्यावर गेलो. अण्णा होते, ते चार तरुणही होते, चहाच्या गाड्यावरची मंडळीही होती. सगळ्यांसमोर पुन्हा सांगितले. मुशायऱ्यात इतकी शांतता माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. मग तोच हुशार पोरगा म्हणाला, "चाचा, साडेतीन सौ?" आणि सगळे हसले. मी काही फार मोठे काम केले असे नाही. ते पहिल्याच सकाळी कट्ट्यावर करता आले असते. दोन दिवसांत काहीही होऊ शकले असते, हे मला आजही आठवले की पोटात गोळा येतो.

अर्जाच्या रकान्यात मी पूर्ण वाक्य लिहिले, कर्त्यासकट. 'मालकाने खर्च वाचवण्यासाठी फ्यूज लावू दिला नाही.' सल्लागारांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आले. कोरडा, नेमका माणूस. तासभर वाकून फोटो काढले, तो मणी पिशवीत घातला, अर्ज दोनदा वाचला. "असं कुणी लिहीत नाही," एवढेच म्हणाले. मग त्यांनी जे समजावले ते तुमच्याही कामाचे आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आगीचा एक पैसा मिळत नाही. पूर्ण विम्यात आग आणि 'स्वयंप्रज्वलन' दोन्ही धरलेले असतात. काय शब्द आहे, अजून कवितेत वापरायची हिंमत झाली नाही. पण विजेचा नुसता बिघाड धरलेला नसतो. म्हणजे जी वायर आपणहून शॉर्ट झाली ती तुमची, तिच्या आगीने जे जळाले ते विम्याचे. मागाहून बसवलेले विजेचे सामान पॉलिसीत नोंदवून त्याचा हप्ता भरलेला असेल तरच त्याची भरपाई. माझे दिवे नोंदवलेले नव्हते. ते गेले.

दुरुस्तीचा अंदाज बासष्ट हजार आला. पॉलिसीत गाडीची किंमत एक लाख साठ हजार. खर्च किमतीच्या पाऊणपटीच्या वर गेला असता तर गाडी 'टोटल लॉस' धरली असती. तसे झाले तर एक काळजी घ्यायची, असे सर्व्हेअरांनी सांगितले. मोटार वाहन कायद्यानुसार चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. नाहीतर भंगारवाल्याकडून तुमचा चॅसीस नंबर एखाद्या चोरीच्या गाडीला चिकटतो आणि पोलीस तुमच्या दारात. आमची गाडी त्या रेषेच्या अलीकडे राहिली. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक यांच्या किमतीतून निम्मे कापले, गाडी पाच ते दहा वर्षांतली म्हणून पत्र्याच्या भागांवर चाळीस टक्के घसारा. उरले एकोणचाळीस हजार. पॉलिसीची अट मोडली म्हणून त्याचे पाऊण, याला 'नॉन-स्टँडर्ड' म्हणतात. सक्तीचे हजार वजा. हातात अठ्ठावीस हजार दोनशे पन्नास. उंदीर लिहिले असते तर बहुधा पावणेदहा हजार जास्त आले असते. सत्य बोलल्याचे समाधान वगैरे असते, पण महिनाअखेरीला मला ते पावणेदहा हजार अजून आठवतात, हेही सत्यच.

या सगळ्यात गाडी आठवडाभर तशीच उभी होती आणि तिचा वास घरभर होता. पहिल्याच सकाळी बायकोने चांगुलपणाने ओल्या फडक्याने सीट पुसायला घेतली आणि काजळी डोळ्यात काजळ पसरावे तशी पसरली. मी थांबवले, कारण सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काही हलवायचे नव्हते. पुढे गॅरेजवाल्याकडून कळले की काजळी कधी ओल्याने पुसायची नसते, आधी व्हॅक्यूमने कोरडीच ओढून घ्यायची, तोंडाला चांगला मास्क बांधून. वायरीचे प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसीचे असते. ते जळले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि ओल लागली की त्याचे आम्ल होते. ते काजळीत बसून राहते आणि आगीने जे सोडले ते खात सुटते, विजेची जोडणी, स्क्रू, रेडिओची पाटी. म्हणून फोटो काढून, विमा कंपनीला विचारून, जमेल तितक्या लवकर साफसफाई उरकावी. आगीवर पावडरचा सिलिंडर मारला असेल तर ती पावडरही पत्र्याला खाते, तीही झाडून घ्यावी लागते. तरी तो सिलिंडर मी आता गाडीत ठेवतो, किलोभराचा, ड्रायव्हरच्या सीटखाली. डिकीत ठेवून उपयोग नाही. चालत्या गाडीत धूर दिसला तर चावी बंद, सगळे खाली, लांब उभे राहायचे आणि अग्निशमनला फोन. बॉनेट उघडायच्या फंदात पडू नका, प्रत्येक गल्लीत अण्णा नसतात.

वास घालवायला सोलापूरचे ऊन कामी आले. पंधरा दिवस गाडीची दारे उघडी टाकली, आत कोळशाच्या टोपल्या ठेवल्या. सीटचा वास गेला. डिकीतल्या पुस्तकांचा मात्र गेला नाही. प्रकाशकाने परत पाठवलेल्या, माझ्याच संग्रहाच्या चाळीस प्रती होत्या त्या. आगीची झळ तिथवर पोचली नव्हती, धूर पोचला. माझ्या कवितेत धग नाही असे एका समीक्षकाने लिहिले होते, त्यांना मी त्यातलीच एक प्रत पाठवली. पोच आलेली नाही.

गाडीची नवी वायरिंग त्याच मुलाने केली. नव्या दिव्यांची वायर कंपनीच्या रबरी बुचातून नेली, बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज बसवला, झाकण उघडून मला दाखवला आणि दोन जादा फ्यूज डॅशबोर्डच्या खणात टाकले. मी विचारले, "किती झाले रिले-फ्यूजचे?" घासाघीस करायची नाही असे ठरवूनच आलो होतो, पण सवयीने तोंड उघडले गेले. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून अण्णांचा आवाज आला.

"काय ओ साडेतीनशे, किती सांगायलाय पोरगं?"

"चारशे ऐंशी, अण्णा," मुलगा वर बघून म्हणाला. मी पाकीट काढले.